सायबर सुरक्षा आणि खुले इंटरनेट: एकाच कायद्यात दोन गोष्टी कशा मिसळल्या

सायबर सुरक्षेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वेगळ्या कामांची सरमिसळ होते. एक काम यंत्रणा सांभाळण्याचे: सर्व्हर, बँकांची नेटवर्क, वीजकेंद्रे, बंदरे. दुसरे काम लोक काय लिहितात आणि काय वाचतात यावर नजर ठेवण्याचे. पहिले काम नीट व्हावे असे कुणालाही वाटेल. दुसरे त्याच्या आडून आत आले, आणि ते कसे आले याचा माग काढता येतो.

सुरुवात यंत्रांपासूनच झाली होती. 2 नोव्हेंबर 1988 रोजी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिसने सोडलेला एक प्रोग्राम स्वतःच्या प्रती काढत इंटरनेटवर पसरला. त्या वेळी इंटरनेटला जोडलेले संगणक साधारण 60,000 होते आणि त्यांतले सहा हजारांच्या आसपास बाधित झाले असा अंदाज केला गेला. अनेक संस्थांनी घाबरून स्वतःला नेटवर्कपासून तोडून घेतले. त्यामुळे त्यावरचा उपाय ज्यांना सापडला होता त्यांना तो इतरांना कळवणेच अवघड झाले. मॉरिसला शिक्षा झाली, पण टिकाऊ ठरला तो दुसरा निर्णय. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात एक समन्वय केंद्र उभे राहिले. कुणाच्या यंत्रणेत काय बिघडले ते ऐकून घ्यायचे, उपाय सगळ्यांना सांगायचा, एवढेच त्याचे काम. पुढे देशोदेशी जी ‘सर्ट’ नावाची पथके झाली त्यांचे मूळ इथे आहे. भारताचे सर्ट-इन जानेवारी 2004 पासून काम करू लागले.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याआधीचा, 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू झालेला. त्याचा भर ऑनलाइन व्यवहार आणि डिजिटल सही यांना मान्यता देण्यावर होता. अश्लील मजकुराचे कलम 67 त्यात होते, संदेश उलगडून पाहण्याचा अधिकार देणारे कलम 69 सुद्धा होते, पण कायद्याचा तो गाभा नव्हता.

गाभा बदलला डिसेंबर 2008 मध्ये. मुंबईवरच्या 26 नोव्हेंबरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. हल्लेखोरांना पाकिस्तानातून इंटरनेटवरच्या फोनने सूचना मिळत होत्या हे उघड झाले होते. 2006 पासून पडून असलेले दुरुस्ती विधेयक 22 आणि 23 डिसेंबरला दोन्ही सभागृहांत जवळजवळ चर्चेविना मंजूर झाले. सर्ट-इनला कायद्याचा आधार देणारे कलम 70बी, सायबर दहशतवादाचे 66एफ, संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार देणारे 69ए आणि ‘त्रासदायक’ किंवा ‘घोर अपमानकारक’ संदेशासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारे 66ए, हे सगळे एकाच दुरुस्तीत आले. संगणकांचे रक्षण करणारी संस्था आणि माणसांच्या बोलण्यावरचा गुन्हा एकाच विधेयकात मंजूर झाला. माझ्या मते आजच्या बहुतेक वादांची मुळे त्या दोन दिवसांत आहेत.

66एचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते पालघरने दाखवले. 17 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि मुंबई व आसपासचा परिसर बंद राहिला. या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पोस्टमध्ये शिवी नव्हती की चिथावणी नव्हती. पुढे गुन्हा मागे घेतला गेला, पोलीस अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली, पण एका ‘लाइक’साठी अटक होऊ शकते हे साऱ्या देशाने पाहिले. दिल्लीची तरुणी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली ती याच प्रकरणानंतर. 24 मार्च 2015 रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी 66ए घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ‘त्रासदायक’ म्हणजे नेमके काय, हे कायदा सांगत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा.

69ए मात्र टिकले. त्याखालचे आदेश नियमांनुसार गोपनीय असतात, त्यामुळे साइट का बंद झाली हे वाचकाला बहुतेक वेळा कळतच नाही. रद्द झालेले 66ए तरी कुठे पुरते गेले? जुलै 2021 मध्ये, म्हणजे निकालानंतर सहा वर्षांनी, पोलीस अजूनही त्याखाली गुन्हे नोंदवतात हे ऐकून सर्वोच्च न्यायालयानेच धक्का बसल्याचे सांगितले.

हाच घोळ जागतिक पातळीवरही होता. डिसेंबर 2012 मध्ये दुबईत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या परिषदेत जुने नियम बदलण्याचा प्रयत्न झाला. नेटवर्कची सुरक्षा आणि अनाहूत संदेश यांवरची कलमे वाचायला निरुपद्रवी होती, पण संदेश अनाहूत आहे की नाही हे ठरवायला तो वाचावा लागतो, आणि मग सरकारला मजकुरात हात घालायला वाट मिळते, असा आक्षेप होता. 89 देशांनी सही केली. भारताने तेव्हा केली नाही. सहा महिन्यांत, अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेच्या पाळतीची कागदपत्रे बाहेर काढली आणि खुल्या इंटरनेटची बाजू लावून धरणाऱ्या अमेरिकेचीच पत गेली.

त्या पाळतीचा हिशेब न्हावा शेव्यालाही चुकवावा लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने विंडोजमधली एक फट शोधून स्वतःच्या वापरासाठी गुप्त ठेवली होती. त्या फटीवर बेतलेले हत्यार बाहेर फुटले आणि 2017 च्या एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर आले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती महिनाभर आधी दिली होती, पण असंख्य यंत्रांवर ती बसवलेलीच नव्हती. मे महिन्यात त्यातून वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा प्रोग्राम आला. 27 जूनला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा दुसरा घातक प्रोग्राम निघाला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला आणि न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले त्याच समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणारी प्रणालीच बंद, त्यामुळे माल हाताने नोंदी करून हलवायची पाळी आली. कुणाच्याही पोस्टवर लक्ष ठेवून हा हल्ला थांबला नसता. त्याचा फैलाव कमी झाला असता तो फट वेळेवर कळवून आणि विंडोजची दुरुस्ती वेळेवर बसवून.

म्हणून 28 एप्रिल 2022 चे सर्ट-इनचे निर्देश वाचताना मन दुभंगते. हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, 180 दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, ठेवा, ही अपेक्षा कडक असली तरी तिचा रोख यंत्रणेकडे आहे. पण त्याच कागदात व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर आपली ओळख आणि ठिकाण झाकणारी सेवा, देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि वापराचे कारण पाच वर्षे जपून ठेवावे असेही आहे. पत्रकार, वकील किंवा छळाला कंटाळून मदत शोधणारी बाई व्हीपीएन ज्यासाठी वापरते तेच यात निघून जाते. अनेक व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकारातून बरीचशी सूटही मिळाली. आपण सहा तासांत कळवायचे, त्या माहितीचे पुढे काय झाले हे मात्र विचारायची सोय उरली नाही.

आता प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सायबर गुन्हे कराराचा आहे. याच विषयावरच्या 2001 च्या बुडापेस्ट करारात भारत सामील झाला नव्हता, कारण तो आपल्या सहभागाशिवाय लिहिला गेला, ही आपली जुनी तक्रार. नवा करार 2019 मध्ये रशियाच्या पुढाकाराने मार्गी लागला आणि 24 डिसेंबर 2024 रोजी आमसभेने स्वीकारला. 40 देशांनी मान्यता दिली की तो लागू होईल. त्यात चार वर्षे किंवा अधिक कैदेची तरतूद असलेल्या कुठल्याही गुन्ह्यासाठी डिजिटल पुरावा मागता येतो, आणि त्या गुन्ह्याचा संगणकाशी संबंध असायलाच हवा असे नाही. मानवी हक्कांचे कलम आहे, विनंती नाकारायची मुभाही आहे, पण फटी शोधणाऱ्या प्रामाणिक संशोधकांचे संरक्षण सदस्य देशांच्या मर्जीवर सोडले आहे.

आपल्याकडे असा करार मान्य करण्याचा निर्णय केंद्र सरकार घेते, त्यावर संसदेत मतदान सक्तीचे नसते. त्यासाठी देशातला कायदा बदलायचा झाला तरच विधेयक संसदेत येईल. ते आले तर चर्चा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 पासून सुरू करावी, असे मला मनापासून वाटते. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणाऱ्याकडून त्या कलमाखाली नुकसानभरपाई मागता येते, त्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध न करताही. बँकेच्या किंवा बंदराच्या प्रणालीतली फट दिसली तरी ती कळवायला तरुण संशोधक कचरतात, त्याचे एक कारण हे आहे.