लायब्ररी न सापडण्याची त्रुटी

लायब्ररी न सापडण्याची त्रुटी : सॉफ्टवेअर प्रकल्प बांधताना किंवा चालवताना त्याला लागणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोडचा संच) जिथे शोधली तिथे न मिळाल्याने येणारी त्रुटी. ‘जिथे शोधली तिथे’ हे शब्द व्याख्येत मुद्दाम घातले आहेत. संदेश ‘लायब्ररी नाही’ असा येतो, पण पुष्कळदा ती त्याच संगणकावर असते. शोधणारा भलत्याच फोल्डरमध्ये पाहत असतो. त्यामुळे घाईने पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी कोण शोधतो आहे आणि कुठे, एवढे पाहून घ्यावे.

तयार उपकार्यक्रम साठवून वापरण्याची पद्धत केंब्रिजच्या एडसॅक संगणकाइतकी (१९४९) जुनी आहे. तिथे उपकार्यक्रम छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर असत आणि लागेल तो आपल्या प्रोग्रॅमच्या फितीवर उतरवून घ्यावा लागे. एकदा उतरवला की पुढे शोधाशोध नसे. आजच्या स्थिर जोडणीतही (स्टॅटिक लिंकिंग) असेच होते : लायब्ररी प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच उतरते. गतिक जोडणीत (डायनॅमिक लिंकिंग) मात्र प्रोग्रॅम लायब्ररीचे फक्त नाव जवळ बाळगतो आणि प्रत्यक्ष फाइल चालू होताना शोधली जाते. यात जागा वाचते, सुरक्षेची दुरुस्ती एका ठिकाणी केली की सर्वांना लागू पडते. पण एका संगणकावर सुरळीत चाललेले दुसऱ्यावर अडते ते याचमुळे.

सी आणि सी++ मध्ये अडचण चालवण्याआधीच येऊ शकते. संकलनात (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर होताना) हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीत काय आहे हे सांगणारी फाइल, मिळत नसेल, तर डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रकारांत ‘-डेव्ह’ने संपणारे वेगळे पॅकेज बहुधा राहून गेलेले असते, फेडोरात तो शेवट ‘-डेव्हल’ असतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ दिसले, तर हेडर मिळाले, पण संकलित तुकडे जोडणाऱ्या लिंकरला लायब्ररी मिळाली नाही. कधी ती आदेशात असते, फक्त क्रम चुकलेला असतो : वापरणारी फाइल आधी, लायब्ररी नंतर.

लिनक्सवर चालवतेवेळी कोणती फाइल सापडली आणि कोणती नाही, हे ‘एलडीडी’ आदेश दाखवतो. अनोळखी फाइलवर तो वापरू नये, कारण काही परिस्थितीत ती फाइलच चालू होऊ शकते. तिथे ‘रीडएल्फ’ बरा. हाताने बसवलेली लायब्ररी दिसत नसेल, तर ‘एलडीकॉन्फिग’ चालवून लोडरची (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून देणाऱ्याची) यादी ताजी करायचे राहिलेले असते. आवृत्तीचा घोळ याहून चिवट. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीची आवृत्ती ३ आली आणि १.१ वगळली गेली. जुनीसाठी बांधलेले अनेक प्रोग्रॅम त्यानंतर सुरूच होईनात. अशा वेळी नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे नाव) देण्याचा तोडगा सर्रास सुचवला जातो. तो टाळावा. फाइलच्या नावातला आकडा सुसंगती तुटल्याचीच खूण असते. पाटी बदलून आतला माल बदलत नाही, आणि स्पष्ट संदेशाच्या जागी मग अनाकलनीय क्रॅश वाट्याला येतो.

पायथनमध्ये हा संदेश ३.६ पासून ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ या नावाने येतो. पायथनची पॅकेजे ‘पिप’ हे साधन बसवते. ‘पिपने तर आत्ताच इन्स्टॉल केले’ अशी तक्रार करणाऱ्याच्या संगणकावर बहुतेक वेळा एकाहून अधिक पायथन असतात : पिप एकाचा, प्रोग्रॅम चालवणारा दुसरा, आणि एडिटरने निवडलेला कदाचित तिसराच. म्हणून नुसते ‘पिप’ न म्हणता ‘पायथन -एम पिप’ असा आदेश द्यावा. मग ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरात पॅकेज जाते. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र आभासी पर्यावरण देणारे ‘व्हेन्व्ह’ ३.३ (२०१२) पासून भाषेसोबतच येते, पण नवी टर्मिनल खिडकी उघडल्यावर ते सक्रिय करायचे राहतेच. दुसरा फसवा प्रकार नावांचा. कोडमध्ये ‘सीव्ही२’ लिहायचे, इन्स्टॉल करायचे ‘ओपनसीव्ही-पायथन’, ‘पीआयएल’साठी ‘पिलो’. अंदाजाने नाव टंकणे धोक्याचे, कारण लोकप्रिय नावांशी साधर्म्य असलेली घातक पॅकेजे मुद्दाम चढवून ठेवलेली आढळली आहेत.

विंडोजवर एखादी डीएलएल (तिथली लायब्ररीची फाइल) नाही असा संदेश आला की तेवढीच फाइल कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवून घेण्याचा मोह होतो. व्हिज्युअल सी++ ची फाइल असेल, तर मायक्रोसॉफ्टचे संपूर्ण रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज बसवणे हाच सरळ मार्ग, आणि ते प्रोग्रॅमप्रमाणे ३२ की ६४ बिट हेही पाहावे लागते.

नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) प्रकल्पात उतरवलेल्या पॅकेजांचे ‘नोड_मॉड्यूल्स’ फोल्डर सहसा गिटमध्ये (कोडचे बदल जपणारी प्रणाली) ठेवत नाहीत; क्लोन केल्यावर, म्हणजे प्रकल्पाची प्रत उतरवल्यावर, नोडची पॅकेजे बसवणाऱ्या एनपीएमचा ‘एनपीएम इन्स्टॉल’ आदेश द्यावाच लागतो. सगळ्यांकडे त्याच आवृत्त्या याव्यात म्हणून एनपीएम ५ ने २०१७ मध्ये नेमक्या आवृत्त्या नोंदवून ठेवणारी लॉक फाइल आणली. मात्र मूळ पॅकेजच काढून घेतले गेले, तर लॉक फाइलही हतबल. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज लेखकाने मागे घेतले, तेव्हा ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते अशांचे बिल्ड मोडले. त्यांच्या लायब्ररीच्या लायब्ररीला ते लागत होते.

कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सारे एकत्र ठेवणारे वेष्टन) सारे बांधून दिले की हा प्रश्न मिटतो, हे अर्धेच खरे. ग्लिबसी या सीच्या मूळ लायब्ररीसाठी बांधलेली फाइल, तिच्याऐवजी मसल ही लायब्ररी वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सच्या प्रतिमेत (कंटेनरचा तयार साचा) चालवली, तर ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर मिळते आणि फाइल तर यादीत डोळ्यांसमोर असते. तिथे हरवलेला असतो तो लायब्ररी शोधून देणारा लोडरच.