तळावरचं १८९५

फुलदाणी उलटी केली की तळावर युरोपातल्या राजचिन्हासारखी छाप दिसते, ‘डब्ल्यू एल’ ही अक्षरं आणि सोबत १८९५. अंगावर तडकलेल्या झिलईची बारीक जाळी, काठाला आणि कानांना पितळेची किंवा ब्राँझची वेलबुट्टी. ऑनलाइन लिलावांत ही भांडी ‘फ्रेंच अँटिक’ म्हणून हमखास भेटतात. प्रत्यक्षात ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्याहूनही अलीकडची चिनी निर्यात असते. ‘डब्ल्यू एल’ म्हणजे वाँग ली, हे व्यापारी नाव. हाँगकाँगच्या युनायटेड विल्सन या कंपनीच्या मालावर असंच १८९७ असतं. या सालांचा वस्तूच्या वयाशी काडीचा संबंध नाही. मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना १८९५’ असली म्हणून आतला पेढा तेव्हाचा नसतो, तसंच हे.

तळावर जुनं साल किंवा परकं चिन्ह लिहायची चाल मात्र आजची नाही. ती चीनमध्येच सुरू झाली. जिंगदेझेन या पोर्सिलेनच्या, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या शहरातल्या भट्ट्यांत तळावर राज्यकर्त्या सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव लिहीत. १६७७ साली तिथल्या अधिकाऱ्याने त्याला बंदी केली, कारण भांडं फुटलं की सम्राटाचं नाव उकिरड्यावर जायचं. मग कारागिरांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग सम्राटाचं, चेंगह्वाचं नाव लिहायला सुरुवात केली, किंवा नावाच्या जागी नुसतं पान, कमळ, दुहेरी वर्तुळ काढलं. ही बंदी आली त्या कांगशी सम्राटाच्या काळातल्या कितीतरी अस्सल, उत्तम भांड्यांवर असा ‘खोटा’ शिक्का आहे. तो पूर्वसुरींना केलेला नमस्कार होता की गिऱ्हाइकाला घातलेली टोपी, हे प्रत्येक भांड्यागणिक वेगळं ठरवावं लागतं.

युरोपने नक्कल केली ती भांड्यांची आणि शिक्क्यांचीही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळच्या माइसेनला १७१० मध्ये युरोपातला पहिला अस्सल पोर्सिलेनचा कारखाना निघाला. तिथल्या सुरुवातीच्या काही भांड्यांवर चिनी वाटतील अशा, पण काहीच अर्थ नसलेल्या खुणा आहेत. सॅक्सनीच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या, राजचिन्हातल्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी शिक्का म्हणून आल्या त्या १७२२ च्या सुमारास. मग तलवारींचीच नक्कल सुरू झाली. इंग्लंडमधल्या वूस्टरच्या कारखान्याने अठराव्या शतकात माइसेनच्या तलवारीही वापरल्या आणि बनावट चिनी अक्षरंही. आज चिनी कारखान्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

फ्रान्सची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. सेव्रच्या राजाश्रयी पोर्सिलेन कारखान्याचा शिक्का म्हणजे एकमेकांत गुंफलेली दोन ‘एल’ अक्षरं, लुई राजाची. १७५३ पासून त्यांच्यामध्ये वर्षाचं अक्षर लिहीत. ‘ए’ म्हणजे १७५३, ‘बी’ म्हणजे १७५४, असा क्रम. राज्यक्रांतीत राजाचा शिक्का गेला. १८०० नंतर कारखान्याने न रंगवलेला जुना पांढरा माल विकून टाकला. पॅरिस आणि लंडनच्या चित्रकारांनी तो घेतला, वर गुलाबी रंग, सोनं, राजदरबारातल्या बायकांची चित्रं चढवली. भांडं सेव्रचं, चित्र दुसऱ्याचं. पुढे भांडंही दुसऱ्याचं झालं. १८४५ मध्ये पॅरिसमध्ये निघालेल्या सॅमसनच्या कारखान्याने तर माइसेन, चिनी, जपानी, हवं ते बनवून दिलं, तेही शंभराहून जास्त वर्षं. म्हणजे आज बाजारात आलेल्या गुंफलेल्या ‘एल’च्या भांड्याला चिनी, एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच आणि खरोखरचं सेव्र असे तीन पर्याय असतात, आणि तिसरा सगळ्यात विरळा.

व्हिएन्नाच्या कारखान्याचा शिक्का म्हणजे पट्ट्यांची ढाल. ती उलटी धरली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते, म्हणून व्यापारी तिला पोळंच म्हणू लागले. कारखाना १८६४ मध्ये बंद पडला, चिन्हाला वाली उरला नाही, आणि ढाल दिसेल त्या भांड्यावर बसली. नकलाकारांना पोळंच ठाऊक, त्यामुळे तळावर ती सरळ पोळ्यासारखी छापलेली दिसली तर तिथेच संशय घ्यावा. तळावर फ्रान्समधल्या लिमोजचं नाव लिहिणं आणखी सोपं. ते शहराचं नाव, कुठल्याही एका कारखान्याचं नव्हे.

पितळी वेलबुट्टीतली गंमत तर औरच. अठराव्या शतकात पॅरिसचे चैनीच्या वस्तूंचे व्यापारी चीनहून आलेल्या साध्या फुलदाण्या घेत आणि त्यांना सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझचे काठ, पाय, कान लावून सरदारांना विकत. चिनी भांडं त्यामुळे फ्रेंच दिवाणखान्यात शोभायचं. आजची ‘१८९५’ फुलदाणी ही त्या फ्रेंच अवताराची चिनी नक्कल. मुलामा तेव्हा पाऱ्याने द्यायचे, आता तसं नसतं. आत डोकावलं तर षटकोनी नट आणि यंत्रावर कापलेल्या आट्यांचा बोल्ट दिसतो. माझ्या मते तळावरच्या छापेपेक्षा हा बोल्ट जास्त खरं बोलतो.

शिक्क्यांच्या इतिहासात कायद्यांनी मात्र मोठी सोय केली. ब्रिटनने १८८७ मध्ये ब्रिटिश वाटेल असं नाव किंवा चिन्ह असलेल्या आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. अमेरिकेत मॅकिन्ली जकात कायद्याने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. तळावर इंग्रजीत ‘चायना’ असेल तर निर्यातीचं भांडं बहुधा त्यानंतरचं, आणि ‘मेड इन चायना’ असेल तर साधारण विसाव्या शतकातलं. उलट बाजूने हा नियम लावता येत नाही, कारण नाव कागदी चिकटपट्टीवरही चालतं आणि ती पाण्याने निघते. छापलेलं नावही घासून काढता येतं. तळावर झिलई मंद झालेला एखादा गोल डाग असेल तर तो कशामुळे आला, हे विचारावं.

हाँगकाँग या गोष्टीत आलं ते राजकारणाने. डिसेंबर १९५० पासून १९७१ पर्यंत अमेरिकेने चिनी मालाला दारं बंद केली होती. त्या काळात हाँगकाँगचे कारागीर जपानची पांढरी भांडी आणून रंगवत आणि तळावर ‘जपानी पोर्सिलेन, सजावट हाँगकाँग’ असं सरळ इंग्रजीत लिहीत. इतका प्रामाणिक शिक्का या सगळ्या इतिहासात क्वचितच सापडेल. बंदी उठली, १९७८ नंतर चीनचं आर्थिक धोरण बदललं, आणि काम पुन्हा मुख्य भूमीवर सरकलं. १९९० च्या दशकात जिंगदेझेनचे सरकारी कारखाने बुडाले तेव्हा तिथले कसबी हात छोट्या खासगी भट्ट्यांकडे वळले. फूजियानमधल्या दह्वाच्या ग्वानयिन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या शुभ्र मूर्तींची माइसेनने कधीकाळी नक्कल केली होती. तेच दह्वा आता पाश्चात्त्य धाटणीच्या पुतळ्या बनवून जगभर पाठवतं.

शिक्का खरा की खोटा हे ठरवताना तो काय सांगतो यापेक्षा तो कसा काढला आहे ते बघावं. माइसेनच्या तलवारी झिलईखाली, निळ्या रंगात, हाताने काढलेल्या असतात. रेषा किंचित विरघळल्यासारखी असते आणि दर भांड्यावर थोडी वेगळी. नकली तलवारी पुष्कळदा झिलईवर छापलेल्या असतात, नखाला लागतात, आणि भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात. तलवारींवर आडव्या रेघा कोरलेल्या असतील तर माल दुय्यम प्रतीचा म्हणून कारखान्यानेच तशी खूण केलेली असते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली चिनी आणि युरोपीय भांडी आहेत. गोव्यात चांदोरच्या ब्रागांझा वाड्यात मकावहून आलेली चिनी भांडी अजून जागेवर आहेत. अस्सल झिलईचा रंग आणि खोली डोळ्यात भरून घ्यायला दोन्ही उत्तम, फक्त काचेआडचं भांडं उलटं करता येत नाही. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर ते करता येतं, आणि तिथे करायलाच हवं.

‘डब्ल्यू एल’ची किंमत आता तिच्या स्वतःच्या नावाने होऊ लागली आहे. अलीकडच्या काही लिलावांच्या यादीत ‘वाँग ली, विसावं शतक, क्रॅकल पोर्सिलेन’ असं स्पष्ट लिहिलेलं दिसतं, आणि सजावटीसाठी ती घेणारी गिऱ्हाइकंही मिळतात.