नगरचा मिशन बंगला आणि १८५४ चा निर्णय

नगर जिल्ह्यातल्या अमेरिकन मिशनचा विषय निघाला की चर्चा धर्मांतरापासून सुरू होते आणि बहुधा तिथंच अडकते. त्या वादाच्या दोन्ही बाजू वाचकाला पाठ आहेत, त्या इथं उगाळत नाही. न्यू इंग्लंडच्या बर्फातून निघालेला माणूस नेवासा-राहुरीच्या उन्हात दिवस कसा काढायचा, आणि त्याचा हा दिनक्रम एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एकाएकी का पालटला, एवढंच पाहायचं आहे. या पालटाला हवेपेक्षा बोस्टनहून, म्हणजे या मिशनरींना धाडणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाकडून, आलेला एक निर्णय जास्त कारणीभूत होता. त्याची किंमत कुणी मोजली हे मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, म्हणून हे टिपण.

आरंभीचा काळ थोडक्यात. हे मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, हद्दपारीचे हुकूम निघाले होते. त्याच वर्षीच्या सनदी कायद्यानं मिशनरींना वाट मोकळी झाली आणि ते टिकले. पुढं छापखाना आला, १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा निघाली, १८२६ पर्यंत मराठी नवा करार छापून झाला. पहिल्या तुकडीतला एक जण १८२१ मध्ये मुंबईत पटकीनं गेला. दुसरा १८२६ मध्ये नाशिककडच्या फिरतीवर असताना त्याच रोगानं वाटेतच गेला. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-पाच महिन्यांचा प्रवास करून यायचं आणि काही वर्षांत जायचं, असा तो काळ होता. १८३१ च्या डिसेंबरात नगरचं ठाणं उघडलं, त्यामागं कोकणपट्टीपेक्षा देशावरची कोरडी हवा मानवेल हा हिशेबही होता. १८३३ मध्ये नगरला पहिली मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा संघ, स्थापन झाली. तिचे पहिले सभासद अनाथगृहातले आंधळे, लुळे, महारोगी असे लोक होते.

नगरचा उन्हाळा कोरडा असतो, रात्री निवतात. मिशन बंगल्याची सगळी बांधणी या दोन गोष्टी धरूनच झालेली दिसते. भिंती जाड, छत उंच, चारी बाजूंनी पडवी, दारासमोर दार. पहाटे अंधारात सगळी दारं-खिडक्या उघडायच्या, गार हवा आत भरून घ्यायची आणि ऊन चढायच्या आत सगळं लावून घ्यायचं. एप्रिल-मेमध्ये दारांना वाळ्याचे ताटवे लागायचे आणि त्यांवर पाणी मारायला माणूस ठेवलेला असायचा. आत कापडाचा लांब पंखा छताला टांगलेला, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून पडवीत आलेली, आणि तिथं बसून पंखेवाला ती ओढायचा. ओढता ओढता त्याला झोप लागली की आतल्याला घामानं जाग यायची. पाणी उकळून, गाळून, मातीच्या मडक्यात निववून प्यायचं. हिवतापाला कोयनेल. पटकीवर खात्रीचं औषध कुणाकडंच नव्हतं.

त्यामुळे कामाचा दिवस दोन तुकड्यांत विभागलेला असायचा. उजाडायच्या आत उठून घोड्यावर किंवा छकड्यातून जवळच्या एखाद्या गावी जायचं, चावडीपुढं किंवा महारवाड्यात तास-दीड तास बोलायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची, नऊ-दहापर्यंत परत. मग न्याहारी, घरची प्रार्थना, नोकरचाकरांसह. दुपार बंद खोलीत जायची. पत्रं, हिशेब, प्रुफं, भाषांतर. मराठी शिकवायला शास्त्री यायचे. बहुधा ते ब्राह्मणच असायचे. ज्याचा धर्म खोडून काढायचा त्याच्याचकडून भाषा शिकायची, आणि समोरच्यालाही ते पक्कं माहीत असायचं. तरी ही शिकवणी वर्षानुवर्षं चालली, आणि दोघांमध्ये एकमेकांविषयी आदरही वाढलेला दिसतो. १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागला, त्याचा मजकूर याच दुपारच्या बैठकांतून तयार व्हायचा. ऊन कललं की पुन्हा बाहेर.

वर्षाचीही अशीच वाटणी होती. दिवाळीनंतर थंडीत तंबू, बैलगाड्या, पुस्तकांच्या पेट्या घेऊन दौरा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतायची, प्रवरा-गोदावरीला उतार नसायचा, म्हणून ठाण्यावरच मुक्काम. आणि कडक उन्हाळ्यात महाबळेश्वर. तिथं इंग्रजांनी वसाहत केल्यावर थोड्याच वर्षांत, १८३० च्या दशकातच, अमेरिकन मिशनरींचा वावर सुरू झाला. पुढं थंड हवेला जाणं ही गोऱ्या माणसाची चैन म्हणून तिच्यावर टीका झाली. मला ती टीका अर्धीच पटते. ज्यांनी आपली दोन-दोन, तीन-तीन मुलं इथल्या मातीत पुरली, त्यांनी उरलेल्या मुलांना दोन महिने डोंगरावर नेलं म्हणून त्यांच्याकडं बोट दाखवणं मला जमत नाही. पण खाली गावातल्या शाळेचे पंतोजी आणि त्यांची मुलं त्याच उन्हात, त्याच पटकीत राहिली, हेही खरं, आणि जुन्या अहवालांत त्याबद्दल फार कमी शब्द आहेत.

आता मूळ निर्णयाकडं येतो.

१८५४ च्या अखेरीस बोस्टनच्या मंडळाचे परराष्ट्र सचिव एका सहकाऱ्यासह मुंबईत उतरले आणि तिथून नगरला गेले. मिशनचा कारभार जागेवर पाहून त्याची घडी नव्यानं बसवावी म्हणून हा दौरा होता. सचिवांची मतं ठाम होती. मिशनरीनं शाळामास्तर होऊ नये. लोकांच्या भाषेत उपदेश करावा, लहान लहान मंडळ्या उभ्या कराव्यात, त्यांवर देशी पाळक नेमावेत आणि आपण पुढच्या गावी जावं. मंडळीनं आपला खर्च आपण भागवावा, आपला कारभार आपण पाहावा, आपला प्रसारही आपणच करावा. त्याच सुमाराला नगरच्या मंडळीचे दोन भाग करून दोन मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा दिली गेली. हे पाऊल मोठं होतं, आणि आजचे काही टीकाकार समजतात तितकं ते सोपंही नव्हतं. मराठी माणूस गोऱ्या मिशनरीच्या बरोबरीनं व्यासपीठावर उभा राहिला, तोही १८५७ च्या आधी.

पण याच धोरणाच्या पोटात दुसरी गोष्ट होती. मिशनच्या इंग्रजी शाळा बंद. नगरची बंद, मुंबईतली बंद. याच दौऱ्यात पुढं श्रीलंकेतल्या जाफन्याजवळची, त्या बेटावर नावाजलेली बट्टिकोट्टाची सेमिनरीही बंद झाली. यापुढं शिक्षण द्यायचं ते मराठीत, आणि पाळक-शिक्षक घडवण्यापुरतं.

या बाजूनं केलेला युक्तिवाद नीट समजून घ्यायला हवा. इंग्रजी शाळेत येणारी मुलं बहुतेक वरच्या जातींची होती. ती इंग्रजी शिकून कचेऱ्यांत चिकटायची, ख्रिस्ती कुणी व्हायचं नाही. मिशनरी मात्र दिवसाचे तास वर्गात घालवायचा, आणि हे तास नगरच्या हवेत जपून वापरावे लागायचे. पैसा अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चमधून, शेतकऱ्यांच्या आणि विधवांच्या वर्गणीतून यायचा. तो पेशव्यांच्या जुन्या कारकुनांच्या मुलांना साहेबाची भाषा शिकवण्यात का घालवायचा? या प्रश्नात तथ्य होतं. मिशनमधल्या अनेकांना हे पटलं होतं आणि काही जण आधीपासूनच तसं म्हणत होते.

काळ कोणता होता, तेही पाहायला हवं. त्याच १८५४ च्या जुलैत विलायतेहून शिक्षणाचा प्रसिद्ध खलिता निघाला होता आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळण्याचा रस्ता उघडत होता. मुंबईच्या स्कॉटिश मिशननं इंग्रजी शिक्षणाचं काम सोडलं नाही, त्यातून पुढं मोठं महाविद्यालय उभं राहिलं. आणि १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्यानं थेट सरकारकडं अर्ज केला, तरी त्याची बाजू घेतली गेली नाही. म्हणजे ज्या घरांतून नगरच्या मंडळीत पुढं सर्वांत जास्त माणसं आली, त्या घरांतल्या पोराला इंग्रजी शिकायचं तर मिशनवाचून दार नव्हतं, आणि नेमक्या त्याच वेळी मिशननं ते दार लावून घेतलं. दार लावणाऱ्याच्या डोळ्यांपुढं वरच्या जातीची मुलं होती. बाहेर राहिली ती दुसरीच. या निर्णयाचा हा भाग मला अजूनही क्षम्य वाटत नाही. हेतू स्वच्छ होता, हे मान्य करूनही.

विरोध तेव्हाही झाला. मुंबईत आणि अमेरिकेत इतकी नाराजी उसळली की १८५६ मध्ये मंडळाला न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी इथं खास सभा भरवावी लागली आणि या दौऱ्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. परदेशी गेलेल्या मिशनरींना न विचारता बोस्टननं किती हुकूम सोडावेत, हाही त्या वादाचा मोठा भाग होता. धोरण मात्र फिरलं नाही.

यानंतर मिशनरीचा दिवस वेगळा झाला. नगर शहरातली माणसं जिल्ह्यात पांगली. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला, राहुरीला, शिरूरला (ते ठाणं आधीचं होतं) आणि लहान लहान गावांत बंगले उठले. शाळेची घंटा गेली, तिच्या जागी तंबू आणि घोडा आला. पडवीत रोज सकाळी माणसांची रांग लागायची. कुणाची जमीन पाटलानं दाबलेली, कुणाला वेठीला धरलेलं, कुणाला विहिरीवरून हाकललेलं, कुणाचं येसकरपण बाप्तिस्मा घेतला म्हणून काढून घेतलेलं. साहेबानं मामलेदाराला चिठ्ठी द्यावी, एवढीच बहुतेकांची मागणी. वर्गातल्या सहा तासांतून सुटलेला माणूस अशा रीतीनं अर्जांच्या तासांत गुंतला. प्रचाराची रीतही बदलली. १८६० च्या दशकात नगरच्या मराठी ख्रिस्ती माणसांनी कीर्तन हाती घेतलं. टाळ, मृदंग, पूर्वरंग-उत्तररंग असं सगळं. उभ्यानं दिलेल्या इंग्रजी वळणाच्या प्रवचनाला जे लोक उठून जायचे, ते कीर्तनाला मध्यरात्रीपर्यंत बसायचे. मिशनरीला त्यात बसून ऐकायचं काम होतं, आणि मला वाटतं तेच त्याच्या हातून झालेल्या उत्तम कामांपैकी एक.

वडाळ्याच्या बंगल्यात राहणाऱ्या एका मिशनरीला पक्ष्यांचा नाद होता. त्यानं इतके नमुने जमवले की दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही त्याचं नाव आहे. दौऱ्यावर पहाटे उठण्याची सवय अशीही कामी आली.

बायकांच्या दिवसाबद्दल अहवाल कमी बोलतात. घर, दवापाणी, नोकर, मुलांचं शिक्षण, आणि मूल आठ-दहा वर्षांचं झालं की त्याला अमेरिकेला धाडून द्यायचं आणि वर्षानुवर्षं पत्रांवर जगायचं. तरी नगरच्या मुलींच्या शाळा त्यांनीच चालवल्या. १८२७ मध्ये एकटी, अविवाहित आलेली एक बाई १८३९ पासून १८६२ मध्ये मरेपर्यंत नगरलाच होती. तिच्या शाळा पाहिल्यावर जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. १८५४ च्या निर्णयाचा तडाखा मुलींच्या शाळांना तितका बसला नाही, कारण त्या मराठीच होत्या. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत शिकलेल्या बायका इतक्या लवकर दिसतात, त्याचं एक कारण हे.

पुढचा काळ बहुतेकांना माहीत आहे. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून गेली आणि मुंबई एका रात्रीवर आली. १८७६-७८ चा आणि मग १८९९-१९०० चा दुष्काळ, त्यांच्या मध्ये प्लेग. मिशनरीचा दिवस आता धान्य वाटण्यात, रस्त्याच्या आणि विहिरीच्या कामावर हजेरी घेण्यात आणि अनाथ मुलांच्या वसतिगृहांत जाऊ लागला. त्या मुलांना पोटापाण्याला लावायचं म्हणून सुतारकाम, गालिचे, धातूची ठोकाई शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. यंत्रविद्या शिकून आलेल्या एका मिशनरीनं विसाव्या शतकाच्या आरंभी नगरला बसून हातमाग सुधारला.

इंग्रजीही परतली. मुंबईत १८७० च्या दशकात, नगरला १८८० च्या दशकात हायस्कुलाच्या रूपानं. १८५४ च्या धोरणाचं नाव घेऊन ते मोडलं असं कुणी म्हटलं नाही. गरज होती, आणि पाळकांच्या मुलांनाही मॅट्रिक व्हायचं होतं. मधली पंचवीस-तीस वर्षं मात्र गेली ती गेलीच. त्या वर्षांत शाळेच्या वयाची असलेली मुलं गावातले पंतोजी झाली, बायबल विकणारे झाली, मिशनच्या तुटपुंज्या पगारावर म्हातारी झाली. वकील, डॉक्टर, मामलेदार त्यांच्यातून फार थोडे निघाले.

१९४७ मध्ये नगरला महाविद्यालय उभं राहिलं ते एका मराठी ख्रिस्ती माणसाच्या पुढाकारानं. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरींची संख्या घटत गेली. तेव्हाच्या मध्य प्रदेशात, ज्यात विदर्भही होता, १९५४ मध्ये चौकशी समिती बसली, आणि धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनरींना परत पाठवावं अशी शिफारस तिनं १९५६ मध्ये केली. नगर त्या राज्यात नव्हतं, तरी वारं इकडंही लागलं. १९७० मध्ये या मंडळ्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या अनेक पंथांच्या एकत्र चर्चमध्ये सामील झाल्या, आणि जे बंगले साहेबासाठी बांधले होते त्यांत मराठी पाळक, शिक्षक आणि डॉक्टर राहू लागले.