कुलपातली माती आणि गाडीवरचा चतुर

मागच्या दाराचं कुलूप बरेच दिवस उघडलं नव्हतं. एका दुपारी किल्ली घातली तर ती अर्ध्यावरच अडली. टॉर्च लावून पाहिलं, तर भोक आतून मातीनं गच्च लिंपलेलं. टाचणीनं कोरायला घेतलं तशी कोरडी माती हातावर पडली आणि तिच्यामागोमाग चार-पाच हिरव्या अळ्या. मेलेल्याच वाटत होत्या, पण टाचणीचा धक्का लागला की एखादी किंचित वळायची.

हे काम कुंभारमाशीचं. ती गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली आहे, पण पोळं बांधून राहत नाही. सगळं एकटीनंच करते. पोटात पाणी भरून आणते, ते कोरड्या मातीवर सोडते, भिजलेल्या मातीची बारीकशी गोळी वळते आणि जबड्यात धरून बांधकामावर घेऊन येते. अशा कितीतरी खेपा होतात. खोली तयार झाली की आधी अंडं घालते, तेही एका बारीक धाग्यानं आतल्या भिंतीला टांगून. मग शिकार सुरू होते. अळीला नांगी मारते, पण जीव घेत नाही, फक्त लुळं करते. मेलेली अळी उन्हात एका दिवसात सडेल. लुळी अळी अंड्यातून पिल्लू बाहेर येईपर्यंत ताजी राहते. खोली भरली की तोंड लिंपून माशी निघून जाते आणि आपल्या पिल्लाचं तोंड तिला कधी बघायला मिळत नाही. मी टाचणीनं जे उकरून काढलं, ती एका आईची कित्येक दिवसांची मेहनत होती. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

पण तिला माझं दार ठाऊक नव्हतं, कुलूपही नव्हतं. सावलीतलं, कोरडं, बोट जाईल न जाईल एवढं भोक तिला दिसलं. झाडाच्या वाळक्या खोडात भुंगेऱ्यांनी पोखरलेली असली भोकं तिच्या पणज्यांपासून वापरात आहेत. माझं कुलूप त्या मापात बसलं, एवढंच. उन्हाळ्यात कीटकांशी आपली अचानक जी गाठ पडते, तिच्यामागे बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं. तो जीव आपल्याकडे आलेला नसतो. त्यानं एक फार जुनी खूण वाचलेली असते, आणि ती खूण आपण नकळत घरात, गाडीवर किंवा अंगावर लावून ठेवलेली असते.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन विमानतळावर ही खूण वाचण्याची सवय माणसांच्या जिवाशी आली. विमानाच्या नाकाशी बाहेर डोकावणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांना पिटो नळी म्हणतात. समोरून येणारी हवा त्यांत शिरते आणि तिच्या दाबावरून वैमानिकाला वेग कळतो. माशीच्या लेखी ते छानसं तयार भोक. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथून उडालेल्या एका प्रवासी विमानाला वेगाचे आकडे जुळेनात म्हणून लगेच परत उतरावं लागलं. तपासात एक नळी माशीच्या घरट्याच्या मातीनं जवळजवळ पूर्ण बुजलेली निघाली. उड्डाणाआधी विमान जमिनीवर उभं होतं साधारण दोनच तास. पुढे संशोधकांनी या नळ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतल्या आणि विमानतळावर ठिकठिकाणी लावल्या. मूळ अमेरिका खंडातून तिथे पोचलेल्या एका कुंभारमाशीनं ३९ महिन्यांत ९३ वेळा त्या पूर्ण बुजवल्या. माझं कुलूप अडलं होतं ते याच कारणानं.

हे सगळं उन्हाळ्यातच का, याचं उत्तर त्यांच्या शरीरात आहे. कीटक आणि कोळी स्वतःचं तापमान आपल्यासारखं एका जागी धरून ठेवत नाहीत. भोवतालची हवा तापली की त्यांच्या अंगातल्या रासायनिक क्रियाही वेग घेतात, आणि ढोबळमानानं दर दहा अंशांमागे हा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. घरमाशीचा अंडं ते पंख फुटलेली माशी हा प्रवास थंडीत कित्येक आठवडे रेंगाळतो, उन्हाळ्यात तो दहाएक दिवसांत उरकतो. भूक वाढते, चालणं वाढतं, जोडीदाराचा शोध सुरू होतो. रातकिड्यांची किरकिर तर तापमानाशी इतकी बांधलेली असते, की एमॉस डॉलबेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १८९७ मध्ये तिचं सूत्रच मांडलं. अमेरिकेतल्या झाडांवर राहणाऱ्या एका रातकिड्यासाठी त्याचं सोपं रूप असं: आठ सेकंदांत तो किती वेळा किरकिरला ते मोजा, त्यात पाच मिळवा, आणि तापमान साधारण तितके अंश सेल्सिअस समजा.

आता गाडीवरचा चतुर. हे दृश्य पुष्कळांनी पाहिलेलं असतं, पण त्यात काय चाललंय ते सहसा लक्षात येत नाही. भर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर किंवा बॉनेटवर चतुर घिरट्या घालतो आणि शेपटीचं टोक पत्र्याला टेकवून पुन्हा वर उठतो. परत टेकवतो, परत उठतो. ही मादी असते आणि ती अंडी घालत असते. तिच्या दृष्टीनं ते तळं आहे.

पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा आडव्या प्रतलात कंप पावतो. यालाच ध्रुवीकृत प्रकाश म्हणतात. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, पाण्याकाठी राहणाऱ्या कीटकांच्या डोळ्यांना कळतो. त्यांच्यासाठी पाण्याची ओळख म्हणजे ही चकाकी, मग तिथे ओल असो वा नसो. काळा किंवा गडद लाल गुळगुळीत रंग ही चकाकी खऱ्या पाण्यापेक्षाही जोरात फेकतो. हंगेरीतले गाबोर होर्वाथ आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं याचाच माग काढत आहेत. लाल आणि गडद गाड्या पाणकीटकांना फिकट गाड्यांपेक्षा जास्त ओढतात, हे त्यांनी दाखवलं. एका कबरस्तानात गुळगुळीत काळ्या शिळांभोवती चतुर का घुटमळतात, हेही त्यांनी उलगडलं, आणि या कामाला २०१६ मध्ये इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. मला यात हसण्यासारखं फारसं काही दिसत नाही. तापलेल्या पत्र्यावर पडलेलं प्रत्येक अंडं मरतं. सौर पॅनेलांच्या बाबतीतही हाच धोका आहे. पण त्यांवर पांढऱ्या रेषांची जाळी आखली की ही फसगत बरीच कमी होते, असंही याच गटाच्या प्रयोगांत दिसलं. एवढ्याशा रेषांनी एवढा जीव वाचतो, ही मला फार आशेची गोष्ट वाटते.

दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांचं कोडं याहून जुनं. पतंग दिव्याला चंद्र समजतो आणि त्याच्या आधारानं दिशा धरू पाहतो, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचं उडणं टिपलं, तेव्हा वेगळंच दिसलं. ते दिव्याकडे झेपावत नव्हते, दिव्याकडे पाठ करत होते. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून उजेड ज्या बाजूला त्या बाजूला पाठ ठेवली की उडणारा जीव सरळ राहतो. कोट्यवधी वर्षं हा नियम चुकला नाही. मग खोलीत दिवा लागला. पतंग त्याच्याकडे पाठ वळवतो, त्या वळणानं मार्ग वाकतो, पुन्हा पाठ वळवतो, आणि शेवटी दिव्याभोवतीच फेऱ्या घालत राहतो. दिवा खाली जमिनीवर असेल तर काही कीटक हवेतच उलटे होऊन आपटतात. बाहेरच्या दिव्याला वरून झाकण घातलं आणि नको तेव्हा तो बंद ठेवला, तर बिचाऱ्यांची या चकव्यातून सुटका होते.

या दिव्याच्याच वाटेनं घरात येणाऱ्या एका भुंगेऱ्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. पेडेरस हे त्याचं शास्त्रीय नाव. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे, पंखांवरचं कवच आखूड, आणि चाल एखाद्या मोठ्या मुंगीसारखी लगबगीची. हा चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या रक्तात पेडेरिन नावाचं विष असतं, आणि तेही त्याचं स्वतःचं नाही, त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू ते बनवतात. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून झोपेत आपण त्याला चिरडतो, आणि एक-दोन दिवसांनी तिथे भाजल्यासारखा लाल पट्टा आणि फोड उठतात. म्हणून हा दिसला की चिरडायचं नाही. फुंकर मारायची किंवा कागदावर घेऊन बाहेर सोडायचं. चिरडला गेलाच, तर जागा लगेच साबणानं धुवायची आणि तो हात डोळ्यांना लावायचा नाही.

घामेजल्या हातावर बसणारं फुलपाखरू किंवा इवलीशी माशी मिठासाठी आलेली असते. पानांत आणि फुलांच्या रसात सोडियम फार थोडं असतं. नळाशी घोटाळणारी मधमाशी पाणी न्यायला आलेली असते. ते पाणी पोळ्यात शिंपडून, पंखांनी वारा घालून ती पिल्लांच्या कप्प्यांचं तापमान पस्तीस अंशांच्या आसपास ठेवते. खरोखर आपला माग काढत येते ती डासाची मादी. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाचा वास आणि ऊब तिला थेट आपल्यापर्यंत आणतात, कारण अंड्यांसाठी तिला रक्तातली प्रथिनं लागतात.

आणि ज्या भेटी होतात पण आपल्याला कळत नाहीत, त्या कितीतरी जास्त. अमेरिकेत रॅलेच्या परिसरातल्या ५० घरांत कीटकशास्त्रज्ञांनी खोली न् खोली तपासली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सगळ्या घरांत मिळून कीटक, कोळी आणि त्यांच्या भाईबंदांचे ५७९ वेगवेगळे प्रकार सापडले. बहुतेक सगळे निरुपद्रवी होते, आणि काही तर नुसते वाट चुकून आत आलेले. जाळं विणणारे कोळी मात्र प्रत्येक घरात होते.

कोळी हा कीटक नाही. त्याला सहा नव्हे, आठ पाय असतात. मेलेला कोळी पाय पोटाशी आवळून पडलेला का असतो, हे मला लहानपणापासून कोडं होतं. उत्तर त्याच्या पायांच्या रचनेत आहे. कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांत पाय मिटणारे स्नायू असतात, उघडणारे नसतात. अंगातला द्रव दाबानं पायात ढकलून तो पाय सरळ करतो. जीव गेला की दाब गेला, आणि पाय आपोआप मिटतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात मेलेल्या कोळ्याच्या अंगात सुईनं हवा भरून त्याचे पाय उघडमिट करून दाखवले, आणि त्या पायांनी छोट्या वस्तू उचलल्याही.

याच दाबाच्या जोरावर भिंतीवरचा तो बुटका, केसाळ, उड्या मारणारा कोळी झेप घेतो. उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीशी तो हमखास भेटतो. भक्ष्यासाठी जाळं विणत नाही, बघून शिकार करतो, आणि झेप घेण्याआधी धाग्याचं टोक भिंतीला चिकटवून ठेवतो. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे डोळे म्हणजे दोन लांब नळ्या. बाहेरचं भिंग जागचं हलत नाही, पण नळीच्या तळाशी असलेलं दृष्टिपटल स्नायूंनी इकडेतिकडे फिरतं. ते एकावर एक चार थरांचं असतं, आणि त्यातल्या एका थरावर प्रतिमा किती धूसर पडते यावरून तो अंतर मोजतो. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये त्याला फक्त लाल उजेडात उड्या मारायला लावल्या, तेव्हा त्याचा अंदाज चुकला आणि झेप अलीकडेच पडली.

म्हणून तो मला बाकीच्यांपेक्षा वेगळा वाटतो. कुंभारमाशीनं भोक पाहिलं, चतुरानं चकाकी पाहिली. हा मात्र आपण जवळ गेलो की वळतो, मान वर केल्यासारखं अंग उचलतो आणि समोरचे दोन डोळे आपल्यावर रोखतो. बोट डावीकडे नेलं तर तोही डावीकडे वळतो.

रात्री यांच्यातल्या काही जाती एका धाग्याला लटकून विश्रांती घेतात. लहान पिल्लांचं कवच अजून पारदर्शक असतं, त्यामुळे डोळ्यांच्या आतल्या नळ्या बाहेरून दिसतात. २०२२ मध्ये अशाच पिल्लांचं रात्रभर चित्रण झालं. अंग स्तब्ध लोंबकळत होतं, आणि मधूनमधून ठरावीक अंतरानं त्या नळ्या हलत होत्या, पाय आक्रसत होते, जसे झोपलेल्या माणसाचे डोळे पापण्यांआड फिरतात.