'विदर्भ वगळून': आमच्या शाळा उशिरा उघडतात त्यामागची गोष्ट

दर जूनला तेच होतं. पुण्याच्या मावसबहिणीच्या पोराचा नवीन दप्तर, नवीन रेनकोटवाला फोटो फॅमिली ग्रुपवर येतो, आणि इकडे नागपुरात आमची पोरं अजून कुलरसमोर लोळत असतात, मग कोणीतरी विचारतंच की काय हो, तुमच्याकडे शाळाबिळा नाहीत का. आहेत राजेहो, फक्त परिपत्रकात आमच्यासाठी वेगळी ओळ असते.

ते परिपत्रक पुण्याहून निघतं, शिक्षण संचालकांच्या सहीनं, उन्हाळी सुट्टी लागायच्या आसपास. त्यात आधी 'विदर्भ वगळून' बाकी राज्याची तारीख, आणि मग जूनमधलं विदर्भाचं तापमान विचारात घेता आमची. २०२३ ला तिकडे १५ जून आणि इकडे ३० जून. २०२४ ला १५ जून आणि १ जुलै. २०२५ ला मात्र तिकडे १६ आणि इकडे २३ जून, म्हणजे फरक आठवड्यावर आला आणि आमचा पहिला आठवडा सकाळ पाळीत काढायचा असं ठरलं. आता ज्यांना हा लाडावलेपणा वाटतो त्यांच्यासाठी, २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ डिग्री होतं. (२०२४ च्या मे अखेर एका ऑटोमॅटिक यंत्रानं ५६ दाखवले होते, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडला होता म्हणून सांगितलं. पण खरं सांगू, इथल्या बऱ्याच लोकांना ते ५६ च पटले होते.) मे संपला की ऊन संपत नाही, पाऊस कोकण-मुंबई करत करत इकडे पोचतो, तोवर टिनाच्या छताखाली पोरं बसवायची कशी.

ही वेगळी ओळ लागते काऊन, तर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती, सरकारच इथं बसायचं. मग विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, १९६६ ला राज्य बोर्ड आलं, त्याचं विभागीय ऑफिस नागपूरला मिळालं, पण शाळांचं संचालनालय पुण्यात. म्हणजे ऊन इथलं आणि सही तिथली.

बरं, उशिरा उघडलं म्हणजे सुट्ट्या जास्त मिळाल्या असं नसतं. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे रविवार सोडून वर्षभरात सगळ्या मिळून ७६ च्या वर सुट्ट्या नाहीत आणि कामाचे दिवस किमान २३०. त्यावर २००९ चा शिक्षण हक्क कायदा, त्यात पहिली ते पाचवी २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. त्यामुळे उन्हाळ्यात वाढवलेला दिवस दिवाळीतून नाहीतर दुसऱ्या कुठल्यातरी सणातून काढावाच लागतो. परिपत्रकातच सोय आहे की उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून गणेशोत्सव, नाताळ अशा सणाला घ्या, पण शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्या कायद्यात शैक्षणिक कॅलेंडर ठरवायचं काम स्थानिक प्राधिकरणाचं म्हटलंय, प्रत्यक्षात जिल्ह्याला संचालकांच्या चौकटीत बसेल अशी सुट्ट्यांची यादी करायची असते. मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या एकदोन सुट्ट्या असतात, त्या कधी द्यायच्या यावर स्टाफरूममध्ये जेवढी चर्चा होते तेवढी सिलॅबसवर होत नसेल.

यादीतले सार्वजनिक सण मंत्रालयातून येतात, सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली जाहीर करतो, म्हणजे मूळ कायदा चेक-हुंडीचा. गंमत बघा, नागपूरची काळी मारबत, म्हणजे वाईटसाईट घेऊन जा म्हणत मिरवणुकीनं काढायचा पुतळा, ती पण १८८१ पासूनचीच सांगतात, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती सुट्टी मात्र त्या राज्याच्या यादीत नसते, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्टीतून येते. त्या दिवशी शाळा ठेवली तरी येणार कोण, अर्धा वर्ग मारबत पाहायला आणि उरलेला तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल सजवण्यात.

सध्याचं भांडण जूनचं नाही, एप्रिलचं आहे. २०२५ ला एससीईआरटीनं, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं, पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षेचं राज्यभर एकच वेळापत्रक काढलं, ८ ते २५ एप्रिल, कारण परीक्षा लवकर आटोपल्या की एप्रिल रिकामा जातो आणि दिवस भरत नाहीत. कागदावर बरोबरच आहे ते. पण जून उशिरा उघडायचा तो उन्हासाठी, आणि त्याच उन्हात एप्रिलमध्ये तोंडाला दुपट्टा बांधून पेपरला जायचं, हे गणित आमच्याकडच्या पालकांना काही जुळलं नाही. शिक्षकांचं रडगाणं वेगळंच होतं, शेवटचा पेपर २५ ला आणि निकाल रिवाजाप्रमाणे १ मेला, मधे तपासायला पाच दिवस, त्यातला एक रविवार.