ब्लोअर फक्त चारवरच का चालतो?

गाडीचा ब्लोअर एक, दोन, तीनवर ढिम्म हलत नाही आणि चारवर मात्र वादळासारखा सुटतो. अशा वेळी लगेच मोटर बदलायची घाई करू नका. चारवर जोरात फिरणारी मोटर बहुधा मेलेली नसते. गेलेला असतो तो रेझिस्टर, म्हणजे वीज अडवून मोटरचा वेग कमी करणारा भाग, गॅरेजच्या बोलीत ब्लोअरचा 'रेझिस्टन्स'. हीटर आणि एसी दोन्हींची हवा ब्लोअरचाच पंखा ढकलतो, त्यामुळे खोळंबा बाराही महिने.

चार वेगांच्या साध्या नॉबच्या गाडीत मोटरच्या वाटेवर रेझिस्टरच्या पट्टीवर सहसा तारेची तीन वेटोळी एकापुढे एक जोडलेली असतात. एकवर वीज तिन्हींतून जाते, दोनवर दोघांतून, तीनवर एकातून. चारवर ती त्यांना न शिवता थेट मोटरला मिळते. म्हणून कोणता वेग बंद आहे यावरूनच बरंच कळतं. एक ते तीन बंद असतील, तर तिघांना सामाईक असलेलं वेटोळं तुटलंय किंवा त्याच पट्टीवरचा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वीज तोडणारा) उडालाय. एक-दोन चालतात आणि तीनच बंद? मग रेझिस्टर निर्दोष, कारण एकची वीज त्याच वेटोळ्यातून जाते आहे. स्विचचा कॉन्टॅक्ट किंवा त्या वेगाची वायर बघा. फक्त चार बंद असेल तरी तेच, शिवाय काही गाड्यांत चारसाठी वेगळा रिले (विजेने चालणारा स्विच) असतो तोही.

रेझिस्टर बहुतेकदा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, हवेच्या डक्टमध्ये, दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. तो वाऱ्यातच का? समजा, एकवर 3.5 अँपिअर वाहतात आणि वेटोळी मिळून 2 ओहम आहेत. तिथे 7 व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे 24.5 वॉट उष्णता. साधा 25 वॉटचा सोल्डरिंग आयर्नच म्हणा ना! केबिन फिल्टर धुळीने तुंबला की वारा कमी आणि ही पट्टी भाजते. मोटरचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) घट्ट झालं की करंटही वाढतो; तो दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट.

इग्निशन बंद करून रेझिस्टरचा कनेक्टर काढा. मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर ठेवा, प्रोब आधी एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. रेझिस्टरच्या पिनांमध्ये काही ओहम किंवा त्याहून कमी यायला हवेत. मीटर उघडं सर्किट, म्हणजे तुटलेली वाट, दाखवत असेल तर पट्टी गेली.

नवी बसवण्याआधी पंखा हाताने फिरवून बघा, अडकत असेल तर मोटर काढून साफ करा, फिल्टरही झटका. कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर तोही वायरच्या तुकड्यासकट बदला, नाहीतर सैल पिन पुन्हा तापेल. ऑटो क्लायमेटच्या (तापमान आपोआप सांभाळणाऱ्या) गाड्यांत वेटोळ्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे ही मोजणी चालत नाही.

आणि थर्मल फ्यूजवर तार टाकून 'जुगाड' करू नका. पंखा जाम झाला तर त्या सोल्डरिंग आयर्नला अडवणारं डक्टमध्ये दुसरं काही नसतं.