गव्हाचा चीक बदलताना

उन्हाळा लागला की नाशिककडे घरोघरी कुरडयांसाठी गहू भिजत पडतो. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून घ्यायचं. रात्रभरात तळाशी जो पांढरा चीक बसतो, तो गव्हाचा स्टार्च. त्यात सुमारे 25 टक्के अमायलोज, म्हणजे ग्लुकोजच्या जवळजवळ सरळ साखळ्या. बाकी फांद्याफांद्यांचं अमायलोपेक्टिन. शिजवलेला चीक गार होताना आळतो तो मुख्यतः अमायलोजमुळे.

अमायलोज नसलेला चिकट तांदूळ आशियात पिढ्यान् पिढ्या खाल्ला जातोय. तसा मकाही 1909 मध्ये नोंदला गेला. गहू मात्र फार मागे राहिला, कारण आपल्या पोळीच्या गव्हात जनुकांचे तीन संच असतात. एकात बिघाड झाला तरी उरलेले दोन काम भागवतात आणि बिघाड दिसतच नाही. जपानच्या तोशिकी नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी यातून सुंदर वाट काढली. 'कांतो 107' या वाणात दोन संचांतलं अमायलोजचं जनुक निकामी होतं, तर चीनच्या 'बाय हुओ'मध्ये तिसऱ्यातलं. दोघांचा संकर केला. दुसऱ्या पिढीत तिन्ही निकामी असलेला दाणा साधारण चौसष्टात एक. आयोडीन टाकलं की साधा स्टार्च निळा-काळा होतो, या दाण्याचा तांबूस! 1995 मध्ये हा गहू जगापुढे आला.

मला जास्त मोलाची वाटते ती उलटी दिशा, अमायलोज वाढवण्याची. असा स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतो आणि जेवणानंतरची साखर सावकाश चढते. घरटी मधुमेही असलेल्या आपल्या शहरांना याचं महत्त्व सांगायला नको. इथे बंद करायचं ते साखळ्यांना फांद्या आणणारं एन्झाइम. मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्यातही असंच एन्झाइम बिघडलेलं होतं, हे 1990 मध्ये कळलं. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने जनुकीय तंत्राने गव्हात अमायलोज 70 टक्क्यांवर नेलं. पुढे परकं जनुक न घालता, निवडलेल्या उत्परिवर्तनांच्या (जनुकांतल्या बदलांच्या) संकरातूनही ते साधलं. दाणा थोडा बारीक राहतो, ही अडचण आहेच.

थंडीत निफाडचा पारा बातम्यांत झळकतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी ही वाणं निफाडचीच. त्यांत मुख्य भर तांबेरा रोगाला तोंड देण्यावर आणि उत्पादनावर. यातली गोदावरी आणि पंचवटी बन्सी (ड्युरम) गव्हाची, आणि बन्सीत जनुकांचे संच दोनच. म्हणजे अमायलोज वाढवायचं तर निकामी करायची जनुकंही एकाने कमी.